धाकटीबरोबर कुठे जायचं

८ जानेवारी

धाकटीचा फोन. दुकानात, ऐन गर्दीच्या वेळी. एका आजोबांच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम, त्यात मी काचा बदलत होते, आणि कोटाच्या खिशात फोन थरथरतोय. तिचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाचं तरी लग्न. म्हणून उचलला.

"ताई, मे महिन्यात काय करतेयस?"

"चष्मे."

"महिनाभर सुट्टी काढ. पाठीवर सॅक टाकून परदेशात कुठेतरी जाऊ. दोघीच."

"कुठे?"

"ते ठरवायचंय अजून."

मी हो म्हटलं. असंच, उभ्या उभ्या. आजोबा म्हणाले, "आता अक्षर आणखी पुसट झालं." होणारच. भलतीच काच बसवली होती मी.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. "तू? सॅक?" म्हणाला आणि गप्पच झाला. मला वाटलं, रागावला. भांडी पुसता पुसता म्हणाला, "मला अंडी उकडता येतात. जा तू."

११ जानेवारी

मलाच का विचारलं तिनं? तीन दिवस हेच डोक्यात. तिला मैत्रिणी आहेत, तिच्या पोहण्याच्या वर्गातल्या बायका आहेत. आमची भेट वर्षातून दोनदा, तीही माणसांच्या गराड्यात. फोनवर विचारलं तर म्हणाली, "मैत्रिणीला बाळ झालंय, तिला जमत नाही." म्हणजे मी बदली खेळाडू. चालेल.

या वहीत मी तिला धाकटी लिहिते. बाहेर नाही. बाहेर ती माझी मावसबहीण.

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे सुटले. मी आठ वर्षांची होते. मावशीचं तिसरं बाळही आधीच्या दोघांसारखं जन्मतःच गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा नको. त्यानंतर तीन महिन्यांनी माझ्या आईला मुलगी झाली. सोळा दिवस ती आमच्या घरी होती. मला मांडीवर द्यायचे — भिंतीला टेकून बस, मानेखाली हात धर, हलू नकोस. मी पाय बधिर होईपर्यंत हलायची नाही. सोळाव्या दिवशी मावशी आणि काका आले आणि जाताना तिला घेऊन गेले. आई दारापर्यंत आली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "ते मावशीचं बाळ आहे. आपल्याकडे राहायला आलं होतं. पुन्हा विचारायचं नाही."

मी पुन्हा विचारलं नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा, काका त्याआधीच गेले. कागदोपत्री ती मावशीचीच. हे माहीत असलेली आता दोनच माणसं — मावशी आणि मी. नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

तिला तर नाहीच.

१९ जानेवारी

तिच्या खोलीवर गेले होते. तरणतलावाच्या मागची गल्ली, चौथा मजला, एकच खोली. दाराच्या मागे ओले टॉवेल, सगळीकडे क्लोरीनचा वास. ती पोहायला शिकवते, पाच वर्षांच्या पोरांपासून सत्तरीतल्या बायकांपर्यंत. दिवसभर पाण्यावरून ओरडून आवाज असा झालाय की "चहा घेणार?" विचारलं तरी मी दचकते.

तिनं जमिनीवर नकाशा अंथरला. चार कोपऱ्यांवर चार चपला. तीन ठिकाणं काढून ठेवली होती. एक डोंगरांचा देश — दहा दिवस नुसता चढ, पत्र्याच्या खोपट्यांत मुक्काम. दुसरी बेटं. तिसरं म्हणजे जुनी शहरं, आगगाडीनं एकातून दुसऱ्यात.

"तुला काय आवडेल?" तिनं विचारलं.

"तुला आवडेल ते."

"असं नाही, तू सांग."

"अगं, तूच सांग. तुझी सुट्टी."

"सुट्टी दोघींची आहे."

दीड तास हेच. बसमधली रिकामी जागा एकमेकींना देता देता दोघींनी उभ्यानं प्रवास करावा, तसं. शेवटी ऑम्लेट खाल्लं आणि मी घरी आले.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला समुद्र हवाय. आयुष्यात एकदाच पाहिला, लग्नानंतर, आणि तेव्हा दोन दिवस पोट बिघडून खोलीत पडून होते. खिडकीतून आवाज तेवढा ऐकला. आणि तिला डोंगर हवेत. बोलली नाही ती. पण तिच्याकडच्या तीन पुस्तकांत डोंगरांच्या पुस्तकाचीच पानं सुटी झालीत. बेटांचं पुस्तक अजून कडक आहे.

२० जानेवारी

दिवसभर मी लोकांना विचारते — हे स्पष्ट की आधीचं? लोक पटकन सांगतात. हे. आधीचं. हे. किती सोपं असतं लोकांना!

२ फेब्रुवारी

मावशी दुकानात आली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. मी आत घेतलं, दिवा मालवला. यंत्राच्या पट्टीवर हनुवटी, कपाळ पुढे टेकलेलं. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर. त्या खुर्चीत माणसाला मान वळवता येत नाही. आणि मलाही तिथून उठता येत नाही.

"वर बघ मावशी."

"बघते. तू तिला तिकडे काही सांगणार आहेस का?"

उजेडाची बारीक फीत तिच्या बुबुळावर होती. कडेनं पाणी भरत चाललेलं मला दिसत होतं. एरवी कुणाला दिसलं नसतं.

"मी आहे तोवर नको गं," ती म्हणाली. "नंतर काय सांगायचं ते सांग. पण तिनं एकदा जरी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं ना, तर मी…"

हनुवटी मात्र पट्टीवरून हलवली नाही. शिस्तीची आहे माझी मावशी.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ. आता खाली बघ."

दिवा लावल्यावर तिनं रुमालानं डोळे पुसले आणि जणू थेंब घातल्यामुळेच पाणी आलं, असं दाखवलं. थेंब मी घातलेच नव्हते. मग विचारलं, कुठल्या देशात जाताय? म्हटलं, ठरलं नाही. "फार लांब नका जाऊ," म्हणाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "आणि ती दमली तरी सांगत नाही हं. लहानपणापासून तशीच आहे. तूच बघ."

९ फेब्रुवारी

नवी सॅक आणली. आत दोन शब्दकोश, पाण्याच्या बाटल्या, इस्त्री. पाठीवर घेऊन इमारतीचे पाच मजले, रोज तीनदा. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "घर सोडून चाललात की काय?"

"हो," नवरा वरच्या जिन्यातून म्हणाला, "थोडी थोडी."

उजवा गुडघा. चढताना ठीक आहे. उतरताना ओरडतो.

१६ फेब्रुवारी

आज तिनं तलावावर बोलावलं. दुपारच्या वेळी तलाव रिकामा असतो. "बेटांवर जायचं ठरलं तर पाण्याला घाबरून कसं चालेल?" म्हणाली. मी पोहण्याचा पोशाख घालून काठावर उभी — सत्तेचाळीसाव्या वर्षी! बरं झालं, कुणी ओळखीचं नव्हतं.

कमरेएवढ्या पाण्यात नेलं. पाठीवर झोप म्हणाली. तिचा एक हात माझ्या पाठीखाली, एक मानेखाली.

"मान ताठ करू नकोस. सोड. मी धरलंय ना."

छतावर पाण्यातला उजेड हलत होता. कान पाण्याखाली, त्यामुळे तिचा तो एवढा मोठा आवाजही लांबून, मऊ येत होता. तिचा हात माझ्या मानेखाली होता. आणि मला ती सोळा दिवसांची आठवली, माझ्या हातावर पेरूएवढं डोकं. मी हुंदका आवरायला गेले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

तिनं उभं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. "घाबरलीस?"

"हो," म्हटलं. सोपं उत्तर.

काठावर बसून तिनं माझे केस पुसले. मी पुसू दिले. इतकं बरं वाटलं की बस.

२४ फेब्रुवारी

ठरलं. डोंगर. मला काय, गुडघ्याला पट्टा बांधला की झालं. रविवारी तिला सांगणार. खूश होईल.

१ मार्च

भांडलो.

मी खोलीत शिरता शिरताच म्हटलं, "डोंगरांवर जाऊ." ती चपला काढून ठेवत होती नकाशावर. थांबली. म्हणाली, "मी बेटांवरच्या खोलीवाल्यांना कळवून टाकलंय. परवाच."

"अगं, पण तुला डोंगर हवेत."

"आणि तुला नकोत. जिना उतरताना कठडा धरून उतरतेस, ते मला दिसत नाही असं वाटतं? पूर्वी कधी धरायची नाहीस."

"पट्टा घेतलाय मी."

"माझ्यासाठी गुडघा मोडून घे असं कुणी सांगितलं तुला?"

"आणि माझ्यासाठी तू डोंगर सोड असं कुणी सांगितलं?"

एवढ्यावर हसून थांबता आलं असतं. नाही थांबलो. तिचा आवाज चढला. म्हणाली, "तू सगळ्यांशी सरळ बोलतेस. भाऊजींना तर काय फाडफाड बोलतेस. मी समोर आले की नुसतं — तुला आवडेल ते, तुला चालेल ते. पाहुणी आहे का मी? माझा काहीतरी गुन्हा केल्यासारखी वागतेस तू, ताई."

मला उत्तर सुचलं होतं. पण ते मावशीच्या शपथेत अडकलेलं. मी म्हटलं, "तसं काही नाही." माझं मलाच ते किती पोकळ वाटलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नकोच जाऊया कुठे."

नकाशाची घडी घालायला लागली. जुन्या घड्यांवर बसेना. तसाच चुरगळून कपाटावर टाकला. मी चहा न घेता आले. जिना उतरताना कठडा धरला नाही — मुद्दाम. वरून बघत होती का, कोण जाणे.

५ मार्च

फोन नाही.

९ मार्च

फोन नाही. मीही केला नाही. सॅक दाराआड उभी आहे. नवरा आता तिच्यावर टोपी आणि छत्री अडकवायला लागलाय.

१० मार्च

नवरा जेवताना म्हणाला, "लहानपणी भांडायचं राहून गेलं होतं वाटतं तुमचं."

तो सहज बोलला. मी ताटली घेऊन उठले आणि नळ सोडून उभी राहिले. बराच वेळ. आई अशीच उभी राहिली होती, ते मग लक्षात आलं. नळ बंद केला.

१४ मार्च

दुकानात अर्धी रजा टाकून तलावावर गेले. ती लहान मुलांच्या घोळक्यात होती, गळ्यात शिट्टी. मला पाहिलं. हात केला नाही. मी बाकावर बसले, पाऊण तास. एक चिमुरडी पाण्यात उतरायला तयार नव्हती. धाकटीनं तिला ओढलं नाही, समजावलंही नाही. तिच्या शेजारी काठावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडून, आणि बाकीच्यांना तिथूनच शिकवत राहिली. थोड्या वेळानं ती पोरगी आपली आपण उतरली.

तास संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. ओलीचिंब. बाक भिजला, माझा कोटही.

मग मीच बोलले. एका दमात. "मला डोंगर नकोत. मला उंचीची भीती वाटते, आणि गुडघा खरंच दुखतो. मला समुद्र बघायचाय. आगगाडीतून जुनी शहरं बघायला मला मेलीला काडीचा रस नाही. पण तू नुसती वाळूत बसून राहिलीस तर दोन दिवसांत कंटाळशील, आणि तू कंटाळलेली मला बघवणार नाही. मला तुझ्याबरोबर चालायचंय. हे सगळं एकदम कसं जमवायचं ते मला माहीत नाही. झालं. सांगितलं."

ती समोर पाण्याकडे बघत होती. "रोज पाण्यात असते गं मी," म्हणाली. "सुट्टीतही पाणीच दिसलं तर मी रडेन. पण बघायला हरकत नाही. त्यात उतरायचं नाही, एवढंच."

"मला तर उतरायला सांगूच नकोस."

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग तिचा तो तलावभर घुमणारा आवाज. मीही हसले. पलीकडच्या रखवालदारानं मान वर करून पाहिलं.

"असं बोललीस तर बरं वाटतं," ती म्हणाली. "भांडता तरी येतं."

मग तिच्या खोलीवर. चुरगळलेला नकाशा पुन्हा जमिनीवर, दोघी पालथ्या पडलेल्या. माझा वाचायचा चष्मा आळीपाळीनं दोघींच्या नाकावर. (तिला नंबर लागलाय. मान्य करत नाही.) किनारे किनारे बघत गेलो. तिनंच शोधली — एका लहानशा देशाच्या कडेनं, समुद्राला अगदी लागून, एक तुटक रेष. पायवाट. फोनवर पाहिलं. गावामागून गाव, चौदा दिवस, रोज चालायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी खोली घ्यायची. पूर्ण वेळ समुद्र एका हाताला. चढ आहेत, पण माणसांचे. बोकडांचे नाहीत.

"कड्यावरून जाते का गं?" मी विचारलं.

"काही ठिकाणी. तू आतल्या बाजूनं चाल. कडेनं मी."

तिनं पेन्सिलनं त्या रेषेवर गोल केला. एवढ्याशा गोलासाठी दोन महिने!

२९ मार्च

मावशीनं लोकरीच्या दोन टोप्या विणून पाठवल्या. अगदी सारख्या, निळ्या. चिठ्ठी: "समुद्रावर वारा असतो. एकच लोकर होती म्हणून एकसारख्या झाल्या."

धाकटीनं टोपी घालून फोटो पाठवला. मीही घालून आरशात पाहिलं. हनुवटी. आमच्या दोघींची तीच हनुवटी, आईची. टोपीनं केस झाकले की आणखीच दिसते. काढून ठेवली.

६ एप्रिल

आज दिवसभर विचार केला. चौदा दिवस, दोघीच, मावशी इतक्या लांब. कधीतरी माझ्या तोंडून जाईल, अशी भीती वाटते. भीती की इच्छा, देव जाणे.

पण शपथ मोडणार नाही. मावशीनं तिच्यासाठी रात्री जागवल्या, ताप काढले, शाळेच्या दारात उभी राहिली. मी सोळा दिवस मांडीवर घेतलं. तेवढ्यावर मागायचा हक्क तो केवढा. तिच्या शेजारून चालायला मिळतंय, ते पुष्कळ आहे. तिला कळायची गरज नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

लिहिलं आणि खरंच हलकं वाटलं.

११ एप्रिल

दुपारी धाकटी दुकानात आली, प्रवासाच्या विम्याचा अर्ज घेऊन. काउंटरवर कोपर टेकून भरायला लागली. एकेक रकाना मोठ्यानं वाचून — वय, पत्ता, आजार. "गुडघा लिहू का?" वगैरे. मी एक फ्रेम पुसत ऐकत होते.

"सहप्रवाशाचं नाव," तिनं वाचलं आणि माझं लिहिलं. पुढचा रकाना वाचला नाही. नुसताच भरला. मी वाकून पाहिलं. सहप्रवाशाशी नातं: सख्खी बहीण.

माझ्या हातातली फ्रेम तशीच राहिली.

"शाळेत होते तेव्हापासून," ती म्हणाली. मान वर केली नाही. तो एवढा आवाज, पण मला जेमतेम ऐकू आला. "आईला मात्र कळू देऊ नकोस, ताई. तिला वाटतं, मला माहीत नाही."

मग हात पुढे केला. "पासपोर्ट दे तुझा. नंबर लिहायचाय."